उशीवरून दिसते ती खोली

प्रिय ताई,

माझं वय ६८. चाळीस वर्षं राहिलेलं पाच खोल्यांचं घर सोडून मागच्या वर्षी दोन खोल्यांत आले. यजमान जाऊन तीन वर्षं झाली. घर आवरताना बरंच वाटून टाकलं, पण ज्यांच्यात जीव अडकला होता ते सोबत आणलं आणि बाहेरच्या खोलीत मावेना म्हणून झोपायच्या खोलीत लावलं. आईचं आरशाचं कपाट, सासऱ्यांची आरामखुर्ची, पत्रांची लाकडी पेटी, आईनं शिवलेली गोधडी, सतरा फोटो आणि यजमान दर रविवारी चावी द्यायचे ते लंबकाचं घड्याळ. खोली दहा बाय अकरा. रात्री दिवा घालवला की खोली अंगावर येते. झोप लागत नाही, लागली तर तीनला मोडते. मुलगी म्हणते, सगळं काढ, भिंती पांढऱ्या कर, सुटसुटीत नवीन फर्निचर घे. तिचं चुकतं असं नाही, पण तसं केलं तर मला हॉटेलात झोपल्यासारखं वाटेल. खुर्चीत मी बसत नाही, त्यातून उठता येत नाही. तिच्यावर कपडे साठतात. घड्याळ इथे लावल्यावर पाच मिनिटं चाललं आणि थांबलं. तेव्हापासून चार वाजून वीस मिनिटंच दाखवतंय. ते दिसलं की पोटात कालवतं. काय ठेवू, काय काढू?

— गोदामात झोपणारी

ताई,

घड्याळाचं शेवटी सांगते. ते बहुतेक बिघडलेलंच नाही, त्यामुळे तेवढा घोर आत्ताच मनातून काढा.

‘बाहेरच्या खोलीत मावेना म्हणून झोपायच्या खोलीत लावलं’ असं तुम्ही जाता जाता लिहून गेलात. सगळी मेख तिथेच आहे. घर लहान झालं की झोपायची खोली आपसूक अडगळीची खोली होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत नाही, दार लोटून घेतलं की झालं. पण तुमची अडगळ साधी नाही. तिच्यात आई आहे, सासरे आहेत, यजमान आहेत. एवढी माणसं उशाशी बसलेली असताना झोप लागायची कशी?

आज रात्री काहीही हलवू नका. नेहमीच्या कुशीवर पडा आणि डोळे कुठे जातात ते बघा. मग कूस बदला, पुन्हा बघा. उताणं पडून छताकडे बघा. जमलं तर फोन उशीवर ठेवून तिथूनच तीन-चार फोटो काढा आणि सकाळी चहा घेताना बघा. आपण खोली लावतो ती दारात उभं राहून, कंबरेवर हात ठेवून. राहतो मात्र आडवं पडून. दारातून छान दिसणारं कपाट उशीवरून डोंगरासारखं दिसतं. तुमचं आरशाचं कपाट पलंगाच्या समोरच्या भिंतीला असणार असा माझा अंदाज आहे, कारण ज्यांच्याकडे आरशाचं कपाट आहे त्या सगळ्यांनी ते तिथेच लावलेलं असतं. म्हणजे रात्री तीनला डोळा उघडला की अंधारात आधी स्वतःचीच हालचाल दिसते.

वडील गेल्यावर त्यांचं लिहायचं टेबल मी मोठ्या हौसेनं पलंगासमोर आणून ठेवलं होतं. रोज रात्री समोर बाबांचं टेबल, या कल्पनेनंच मला भरून आलं होतं. त्याच्या डाव्या खणात त्यांची अर्धवट भरलेली हिशेबाची वही होती. दोन महिने मी त्या खणाकडे बघत झोपले. झोपले कसली, जागले. वही पुरी करायला हवी, कोणाकोणाचं काय देणं राहिलंय ते बघायला हवं, असं ते टेबल रोज रात्री सांगायचं. शेवटी भावाला बोलावून ते बाहेर खिडकीपाशी ठेवलं. आता मी त्यावर लिहिते. हे उत्तरही त्याच्यावरच लिहितेय.

वस्तू जिवाभावाची आहे म्हणून ती आपल्याला झोपू देईलच असं नाही, हे मला तेव्हा कळलं. काही वस्तू नुसत्या सोबतीला असतात. काही सारखं काहीतरी मागत असतात. थांबलेलं घड्याळ चावी मागतं. पेटीतली पत्रं ‘वाच’ म्हणतात. खुर्ची म्हणते, माझ्यावरचे कपडे उचल. गोधडी काहीच मागत नाही. झोपायच्या खोलीत न मागणारी माणसं आणि न मागणाऱ्या वस्तू राहाव्यात, बाकीच्यांना बाहेरच्या खोलीत मानानं बसवावं. काय ठेवू आणि काय काढू असं तुम्ही विचारलंत. त्याच्या आधी काय कुठे ठेवू हे विचारायला हवं. ते ठरलं की काढायचं फारसं उरत नाही.

खुर्चीचं मात्र काढायचंच आहे. ज्या खुर्चीतून उठता येत नाही ती तुमच्यासाठी खुर्ची नाही, सासऱ्यांची आठवण आहे, आणि आठवणीला पाच फूट जागा लागत नाही. दहा बाय अकराच्या खोलीत पाच फूट म्हणजे चेष्टा नव्हे. घरातल्या कोणाला हवी असेल तर आधी विचारा, पण तारीख सांगून विचारा: या महिन्याच्या शेवटापर्यंत कळवा, नाहीतर मी दुसऱ्याला देते. ‘बघू नंतर’ म्हणणाऱ्या भाच्यासाठी वर्षभर खुर्ची सांभाळायची नाही. आणि मुलांना नको असेल तर राग धरू नका. त्यांच्याकडे त्यांच्या आठवणींचं सामान साठतंय.

देण्यापूर्वी तिचे नीट फोटो काढा. लांबून एक आणि जवळून दोन. हातावरचं पॉलिश जिथे त्यांच्या मनगटानं झिजलंय तिथला फोटो नक्की काढा. हे नुसतं मनाचं समाधान नव्हे. २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी विद्यापीठाच्या वसतिगृहांत एक प्रयोग प्रसिद्ध केला. जिवाभावाच्या वस्तूंचा देण्याआधी फोटो काढून ठेवा असं जिथे सुचवलं, तिथे मुलांनी जास्त वस्तू देऊन टाकल्या. वस्तू सोडताना आपण घाबरतो ते आठवण जाईल म्हणून. आठवण हातात राहिली की वस्तूवरची मूठ सुटते.

आता आईचं कपाट. ते राहू दे. त्याला काम आहे, त्यात तुमचे रोजचे कपडे राहतात आणि आईच्या कपाटातून कपडे काढून दिवस सुरू करणं ही काही लहान गोष्ट नाही. फक्त त्याची भिंत बदला. पलंगावरून मान वळवल्याशिवाय दिसणार नाही अशी जागा शोधा, म्हणजे बहुधा उशाकडच्या भिंतीचा कोपरा किंवा दाराच्या मागची बाजू. आरसा खिडकीच्या समोर येत नाही ना हेही बघा, नाहीतर रस्त्यावरच्या गाड्यांचे उजेड रात्रभर खोलीत फिरतील. दुसरी जागाच नसेल तर आरशावरून एक सुती पडदा सोडा. सकाळी बाजूला करायचा, रात्री ओढायचा. आणि कपाटावर ठेवलेल्या बॅगा, खोकी, गुंडाळलेली गादी खाली उतरवा. पत्रात तुम्ही त्यांचा उल्लेख केला नाहीत, पण त्या आहेत. कपाटाच्या वर थोडी मोकळी भिंत दिसली की तेच कपाट निम्मं हलकं वाटतं.

हलवताना सुताराला बोलवाच. जुनी कपाटं ज्या जमिनीवर वर्षानुवर्षं उभी होती तिच्या उंचसखलपणाची त्यांना सवय झालेली असते. नव्या घरात दारं आपोआप उघडतात किंवा लागतच नाहीत. लोकांना वाटतं लाकूड फुगलं. बहुतेक वेळा एका पायाखाली पाचर सारली की दार ओळीत येतं. दुसरं म्हणजे सुताराकडून वरच्या बाजूला दोन लोखंडी पट्ट्या मारून कपाट भिंतीला बांधून घ्या. उंच कपाटाची दोन्ही दारं उघडली आणि खालचा खण ओढला की सगळा भार पुढे येतो, आणि आपल्या वयाला खण ओढताना कपाटाचाच आधार घेतला जातो. भिंत आणि कपाट यांच्यात दोन बोटं जागा सोडा, विशेषतः बाहेरच्या बाजूची भिंत असेल तर. हवा खेळली नाही की पाठीला बुरशी धरते आणि तो कुबट वास कपड्यांना लागतो. वासावरून आठवलं, आत डांबरगोळ्या असतील तर काढून टाका. बंद खोलीत रात्रभर ती वाफ नाकात जाणं चांगलं नाही, डोकं दुखतं ते वेगळंच.

कपाटाच्या किंवा पेटीच्या खाली पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला तर मात्र आधी कीड मारून घ्या, मगच बाकीचं. भुसा झाडून टाका, आठवड्यानं पुन्हा बघा. पुन्हा पडला असेल तर कीड जिवंत आहे.

पेटी. तुम्ही ती पलंगाच्या पायथ्याशी ठेवली असणार. तिथून ती रात्री नडगीला लागते. पलंगाच्या ज्या बाजूनं तुम्ही उतरता तिथून दारापर्यंत आणि तिथून बाथरूमपर्यंत निदान ७५ सेंटिमीटरची वाट मोकळी हवी, आणि जागा असेल तर ९० सेंटिमीटर. पुढेमागे काठी किंवा वॉकर आला तरी भिंतींना हात लावत जावं लागू नये. टेपनं मोजा, अंदाजानं नको. अंदाजात आपण नेहमी पन्नाशीतले असतो.

पेटीची उंची गादीच्या वरच्या पातळीएवढी किंवा थोडी कमी असेल तर ती उशाशी आणा. बाजारातल्या छोट्या टेबलांपेक्षा ती किती तरी जड आणि भक्कम, चुकून हात टेकला तरी हलणार नाही. तिच्यावर दिवा, चष्मा, पाणी. आणि दिवा झाकणावर असला की रात्री दोन वाजता पेटी उघडता येत नाही. पत्रं वाचायची असतील तर दिवसा वाचा, दिवा उतरवून, दार उघडं ठेवून. रात्रीची पत्रं रडवतात आणि उत्तर लिहायला समोर कोणी नसतं.

पेटीत लोकरीचं काही असेल, शाल-स्वेटर, आणि त्याला बारीक भोकं दिसली, तर ते प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवा. संग्रहालयंही अशीच कीड मारतात. पिशवी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर कापड ओलसर होतं.

पलंगाबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. म्हणजे जुना दोघांचाच असणार, आणि तुम्ही अजून आपल्याच बाजूला झोपता. तो बदला असं मी सांगणार नाही. ते तुमचं तुम्हाला कधी वाटलं तर वाटेल. पण दोन गोष्टी बघा. काठावर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पुरते टेकतात का? गादीची वरची पातळी साधारण ४५ ते ५० सेंटिमीटरवर असली की उठताना गुडघ्यांना झोका द्यावा लागत नाही. पायापाशी एखादी चटई किंवा छोटा गालिचा असेल तर तो उचला, कितीही जिवाभावाचा असला तरी. अंधारात पाय अडकून पडायला तेवढं पुरतं. तो भिंतीवर लावा.

सतरा फोटो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे सुमारे ८० लाख वस्तू आहेत आणि त्यांतल्या एका वेळी मांडलेल्या असतात जेमतेम एक टक्का. बाकीच्या नावडत्या नाहीत. त्यांतल्या काही पाळीनं बाहेर येतात. तुम्हीही तेच करा. झोपायच्या खोलीत एक फोटो, फार तर दोन. बाकीचे बाहेरच्या खोलीत किंवा बाथरूमकडे जाणाऱ्या बोळात एका भिंतीवर, सगळे जवळजवळ, जाता-येता दिसतील असे. आणि दोन-तीन महिन्यांनी आतला बदला. जो फोटो रोज दिसतो तो काही दिवसांनी दिसेनासा होतो. बदलला की माणूस पुन्हा भेटतं.

झोपायच्या खोलीत कुठला लावायचा? माझं मत विचित्र वाटेल, पण ऐका. ज्यात माणूस थेट आपल्याकडे बघतंय असा फोटो तिथे नको. स्टुडिओत काढलेला, ताठ मानेचा, डोळ्याला डोळा भिडवणारा फोटो बाहेर लावा. आत असा लावा ज्यात यजमान आपल्याच काहीतरी उद्योगात आहेत. सायकलचं पंक्चर बघतायत, पेपर वाचतायत, कोणाशी तरी बोलताना हात वर केलाय. तसं माणूस खोलीत आपल्या कामात असलं की आपल्याला झोप येते. लहानपणी नाही का, आतल्या खोलीत मोठी माणसं बोलत असायची आणि आपला डोळा लागायचा.

उंचीही बदला. कलादालनात चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर येईल असं लावतात, कारण तिथे माणसं उभी असतात. पलंगावर बसलेल्या माणसाचे डोळे असतात १२० सेंटिमीटरच्या आसपास. म्हणून समोरच्या भिंतीवरचा फोटो नेहमीपेक्षा वीतभर खाली घ्या. उभं राहून बघणाऱ्याला तो बुटका वाटेल, वाटू दे. मूळ फोटो मात्र भिंतीवर नकोच. प्रत काढून ती लावा आणि मूळ कागदी पाकिटात, कोरड्या अंधाऱ्या जागी ठेवा. उजेडानं रंग उडतात ते परत येत नाहीत. जुना फोटो काचेला चिकटला असेल तर सोलायला जाऊ नका, काचेसकट स्कॅन करून घ्या. आणि उशाच्या वर भिंतीला जड काही टांगायचं नाही. आमच्याकडे एक चौकट भर दुपारी खिळ्यासकट उशीवर येऊन पडली होती. उशीवर तेव्हा फक्त मांजर नव्हतं एवढंच.

गोधडी वापरा. भिंतीवर लावू नका, कपाटाच्या तळाशी पुरू नका. संग्रहालयात कापडावर ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत, म्हणजे मंद संध्याकाळएवढा. तुमच्या घरातल्या भिंतीवर दिवसभर त्याच्या कित्येक पट पडणार. शिवाय खिळ्यांवर तोललेलं कापड स्वतःच्याच वजनानं टाक्यांतून फाटत जातं. पायथ्याशी घडी करून ठेवा आणि घडी दर वेळी वेगळ्या जागी घाला. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर दुमडलेलं सूत तिथेच तुटतं. जिथे विरलंय तिथे तुमच्याच एखाद्या जुन्या मऊ साडीचं ठिगळ लावा, हातानं, आईच्या टाक्याशेजारी टाका. मशिनमध्ये धुऊ नका. ती आणखी विरेल, हो. आईनं ती पांघरायलाच शिवली होती.

आता दिव्यांचं, कारण तुमच्या खोलीत छताला एक पांढरी ट्यूब आहे हे मी न बघता सांगते. आपल्या डोळ्यांच्या पडद्यात बघण्याच्या पेशींशिवाय आणखी काही पेशी असतात. त्या उजेड ओळखतात आणि मेंदूतल्या घड्याळाला ‘अजून दिवस आहे’ असं कळवतात. २००२ साली हे नीट कळलं. त्या पेशी निळसर उजेडाला, साधारण ४८० नॅनोमीटरच्या, सगळ्यात जास्त चेततात. पांढऱ्याफटक ट्यूबमध्ये तो भरपूर असतो. म्हणून निजायच्या आधी दोन तास ट्यूब बंद. बल्ब घेताना खोक्यावर २७०० के (2700K, हा उजेडाच्या रंगाचा आकडा) लिहिलेलं बघून घ्या, तो पिवळसर. ६५०० लिहिलेला असेल तो दुपारचा.

पण इथे एक गोम आहे. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्याच्या सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं. म्हणजे खोली मंद करा म्हटलं तर तुम्हाला वाचताच येणार नाही. तेव्हा एकाच दिव्यानं सगळं भागवायचं नाही. पुस्तकावर पडेल असा मानेचा, झाकण असलेला, चांगला प्रखर दिवा पेटीवर. खोलीत मात्र एखादाच मंद, भिंतीकडे तोंड केलेला. आणि तिसरा अगदी बारका, जमिनीलगत, बाथरूमच्या वाटेवर, पाय पडला की लागणारा. हा तिसरा असला की रात्री उठल्यावर मोठा दिवा लावून मेंदूला दिवस उजाडल्याची बातमी द्यावी लागत नाही. तिन्ही दिव्यांची बटणं पडल्या पडल्या हाताला लागली पाहिजेत. तेवढ्यासाठी वायरमनला एक फेरी मारायला लावा.

मुलीच्या पांढऱ्या भिंतींबद्दल. तिचा हेतू बरोबर, रंग चुकीचा. काळपट जुनं लाकूड पांढऱ्या भिंतीसमोर ठेवलं की त्याच्या कडा कापल्यासारख्या उठून दिसतात, ते आणखी मोठं वाटतं. भिंत लाकडाच्या थोडी जवळ न्या. मातकट, फिकट गेरू, ताकासारखा पिवळट पांढरा किंवा सुकलेल्या गवतासारखा हिरवा, चमक नसलेला. म्हणजे कपाट भिंतीत विरून जातं. अपवाद पलंगाचा: पलंगपोस आणि जमीन एकाच रंगाची नको, काठ कुठे संपतो ते अर्धवट उजेडातही कळायला हवं. रंग दिल्यावर चार-पाच दिवस खिडक्या उघड्या टाकून बाहेरच्या खोलीत झोपा. आणि रंगाची निवड मुलीला करू द्या, तुम्ही सांगितलेल्या तीन छटांतून. तिला या खोलीत काहीतरी करायचंय म्हणून ती सगळं फेकायला निघालीय, असं मला वाटतं.

एक गोष्ट खोलीबाहेरची. तीनला मोडणारी झोप आठवड्यातून तीन रात्री आणि तीन महिन्यांहून जास्त काळ चालली असेल तर डॉक्टरांना सांगा. गोळीच देतील असं समजू नका. जुनाट निद्रानाशासाठी झोपेच्या सवयी आणि विचार यांवर काम करणारे उपचार असतात, आणि डॉक्टरांनी आधी तेच सुचवावेत अशी आता शिफारस आहे. कपाट हलवून दुःख हलत नाही, मला ठाऊक आहे. पण झोपमोड थोडी कपाटामुळे आणि थोडी दुःखामुळे असेल, तर कपाटाचा वाटा तरी कमी करू.

आणि घड्याळ.

लंबकाचं घड्याळ नव्या भिंतीवर पाच मिनिटं चालून थांबतं तेव्हा दहांतल्या बऱ्याच वेळा ते फक्त तिरकं टांगलेलं असतं. टिक आणि टक यांमधलं अंतर सारखं असेल तरच लंबकाला दर झोक्याला पुरेसा धक्का मिळतो. ते लंगडायला लागलं, टिक‑टक... टिक‑टक... असं, की धक्का अपुरा पडतो आणि लंबक मरतो. तर असं करा. चावी द्या, लंबक हलकेच सोडा आणि डोळे मिटून ऐका. मग घड्याळाची खालची बाजू करंगळीएवढी डावीकडे सरकवा, ऐका. उजवीकडे, ऐका. टिक... टक... टिक... टक... असं सारख्या पावलांनी चालायला लागलं की थांबा. पातळी मोजायचं यंत्र लावू नका, कानावर विश्वास ठेवा. जुन्या घरी ते किंचित कललेलं असेल तर इथेही त्याला तसंच कललेलं लागेल, दिसायला वाकडं दिसलं तरी. जमलं की खालच्या दोन्ही कोपऱ्यांशी भिंतीवर पेन्सिलनं खूण करा, म्हणजे चावी देताना सरकलं तर परत जागेवर आणता येईल. वेळ पुढे धावत असेल तर लंबकाखालची चकती एक वेढा खाली, मागे पडत असेल तर वर. काटे उलटे फिरवायचे नाहीत. इतकं करूनही थांबलं तरच घड्याळजीला दाखवा, तेव्हा बहुधा तेलपाणी लागेल.

हे सगळं बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर करायचं, आत नाही. रात्री जाग आल्यावर किती वाजले हे कळलं की उरलेली झोप आपण मोजायला बसतो, म्हणून झोपायच्या खोलीत घड्याळ नसलेलंच बरं. दार लोटलेलं असलं तरी टिकटिक बारीक ऐकू येईल. नको वाटली तर दार लावून घ्या.

चावी आता तुम्हाला द्यायची आहे. आठ दिवस चालणारं असेल तर आठवड्यातून एकदा, वार तुम्हाला सोयीचा कुठलाही.